मुंबई सोडून पाचगणी-महाबळेश्वरला राहायला जायचंय? आधी जुलैचे आठ दिवस काढून बघा

थंड हवेच्या गावी कायमचं राहायला जावं, हा विचार मुंबईकरांच्या मनात बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत येतो. टेबललँडवर कोवळं ऊन असतं, हवा कोरडी असते, स्ट्रॉबेरीचे वाफे लगडलेले असतात आणि दादरच्या वन-बीएचकेच्या भाड्यात इथे अंगणासकट घर मिळेल असं कुणीतरी सांगतं. पण तो या गावांचा सगळ्यात देखणा महिना. त्या महिन्यावरून वर्षाचा निर्णय घेऊ नये.

डोंगरावरच्या गावाची परीक्षा दोन महिन्यांत होते, जुलैत आणि मेमध्ये. घर कोरडं राहतं का, वीज आणि नेट टिकतं का, घाट उघडा असतो का, हे जुलै सांगतो. नळाला पाणी किती येतं आणि शनिवारी बाजारातून गाडी हलते का, हे मे सांगतो. या दोन महिन्यांत ज्यांचं निभतं, त्यांचं वर्षभर छान निभतं. म्हणून इथे दिलेली बहुतेक माहिती या दोन महिन्यांसाठी आहे.

गाव कुठलं?

पाऊस बघून ठरवा. मुंबईत, सांताक्रूझला, चार महिन्यांत साधारण 2,300 मिलीमीटर पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. 22 जुलै 2021 ला तर तिथे एका दिवसात जवळपास 600 मिलीमीटर नोंदला गेला. तिथून जेमतेम 19-20 किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीला मात्र पाऊस साधारण एक तृतीयांशावर येतो आणि पसरणी घाट उतरून वाईला आलात की हजार मिलीमीटरच्याही आत. कारण साधं आहे. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर चढताना रिकामे होतात, मागे उरेल तेवढंच पूर्वेला पोचतं. उंचीत फारसा फरक नाही (महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर, पाचगणी 1,300 च्या आसपास), म्हणजे थंडावा जवळजवळ सारखाच आणि पाऊस तिप्पट कमी-जास्त.

त्यामुळे बारा महिने राहायचं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: घर पाचगणीच्या बाजूला घ्या, महाबळेश्वरला फिरायला जा. घरात वयस्कर माणसं असतील किंवा दम्याचा त्रास असेल तर वाईचाही मोकळ्या मनाने विचार करा. वाईला हवा पाचगणीइतकी गार नाही, पण बाजार, दवाखाने आणि एसटी हाताशी असते आणि पाचगणी 12 किलोमीटरवर.

मुंबईला आठवड्यातून एकदा तरी जावंच लागत असेल, तर मात्र रेल्वे नसलेल्या गावाचा नाद सोडा. लोणावळा सीएसएमटीपासून रेल्वेने 128 किलोमीटर, इगतपुरी 137. मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत निघतो, म्हणजे दोन्ही गावं बसतात. लोणावळ्याची उंची मात्र साडेसहाशे मीटरच्या आतच, तेव्हा एप्रिल-मेच्या दुपारी उकाडा जाणवतो. पाऊस महाबळेश्वरइतका नसला तरी मुंबईच्या दीडपट-पावणेदोनपट धरून चाला. बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या थळघाटात दरड आली की गाड्या रद्द होतात. अशा दिवशी घरून काम करायची मुभा आधीच मागून ठेवा.

माथेरान वेगळंच. तिथे खासगी गाडी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाही. गॅसच्या सिलिंडरपासून फरशीपर्यंत सगळं तिथून पुढे माणसाच्या, घोड्याच्या किंवा हातगाडीच्या जिवावर जातं आणि त्याचा खर्च प्रत्येक वस्तूत चढतो. शांतता हवी म्हणून जाणाऱ्यांना ते मानवतं. दर पंधरवड्याला डॉक्टर गाठावा लागणाऱ्यांना मानवत नाही.

जुलैचे आठ दिवस

हॉटेलात राहून उपयोग नाही, त्यांच्याकडे जनरेटर असतो आणि चादरी दुसरं कुणी वाळवतं. ज्या आळीत घर घ्यायचं मनात आहे, तिथलीच एखादी खोली किंवा घर आठ दिवसांसाठी घ्या. पावसाळ्यात भाडी पडलेली असतात, मिळतं. सोबत एक डिजिटल हायग्रोमीटर न्या. काही शे रुपयांना मिळणारं हे छोटं यंत्र हवेतली आर्द्रता दाखवतं. मग नेहमीचं आयुष्य जगा.

पहिल्या दिवशी एक जीन्स, एक टॉवेल आणि दोन सुती शर्ट धुवून घरातच दोरीवर टाका आणि किती तासांनी खरोखर सुकतात ते लिहून ठेवा. जीन्स चौथ्या दिवशीही शिवणीपाशी ओली लागली तर नवल मानू नका. रोज सकाळी 11, दुपारी 4 आणि रात्री 9 ला वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा, शनिवारी दुपारी तर नक्कीच, कारण पर्यटक आले की टॉवरवर ताण येतो आणि तोच फोन, तीच जागा असून आवाज तुटायला लागतो. वीज कधी गेली, कधी आली, याच्या वेळा लिहा. एकदा रात्री आठनंतर औषधाचं दुकान शोधा. एकदा धुक्यात घाट उतरून वर या. आणि घरातलं जे माणूस या बदलाला नाखूष आहे, त्याला याच आठ दिवसांत बरोबर न्या. त्याचं मत जानेवारीत विचारून काही कळत नाही.

मेमध्ये चार दिवस पुरतात, गुरुवार ते रविवार. घरमालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा: नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ, गेल्या उन्हाळ्यात टँकर किती वेळा मागवला? शनिवारी सकाळी सुरूर फाट्यावरून वाई-पाचगणी गाडीने चढून पाहा. मुंबईपासूनचं अडीचशे किलोमीटरचं अंतर आडवारी पाच-सहा तासांत कापता येतं, लाँग वीकेंडला आठ तासही लागतात. इथली माणसं शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढत नाहीत. भाजी, बँक, गॅस, सलून सगळं मंगळवार ते गुरुवारात उरकतात. तुम्हालाही ती सवय लावून घ्यावी लागेल.

कोरड्या दिवसांत घर बघताना ओल ओळखायची

घर पाहायला बहुतेक जण उन्हाळ्यात जातात आणि तेव्हा प्रत्येक घर कोरडंच असतं. पण ओल खुणा ठेवून जाते.

आधी दक्षिण-पश्चिमेची भिंत बघा. पावसाची झड त्या बाजूने येते. जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत रंग फुगलेला असेल किंवा पांढरी पावडर, म्हणजे लोणा, धरलेला असेल तर पाणी पायातून वर चढतं आहे. हा दोष रंगाने किंवा वॉटरप्रूफिंगच्या एका हाताने जात नाही. डाग छताच्या कोपऱ्यातून खाली ओघळलेले असतील तर गळती छपराची आहे आणि ती दुरुस्त होते. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत डाग असतील तर खिडकीच्या चौकटीतून पाणी येतं, तेही सुधारता येतं. पाच खोल्यांपैकी एकाच खोलीला नवा रंग दिसला, तर तिथे काय झाकलंय ते विचारा.

मग कपाटं उघडा आणि आत नाक घाला. बंद कपाटातला कुबट वास फेब्रुवारीतही जात नाही. प्लायवूडच्या कपाटाची खालची कड काळी पडून फुगली आहे का, बिजागरं आणि विजेच्या बोर्डाचे स्क्रू गंजले आहेत का, हे बोट फिरवून बघा. बोर्डाचे स्क्रू गंजले असतील तर त्या भिंतीत पाणी मुरतं, आणि ती नुसती डागाची गोष्ट नाही, शॉकची आहे. एमसीबीबरोबर (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) बसवलेला आहे का तेही तिथेच पाहून घ्या. नसेल तर 30 मिलीअँपिअरचा बसवून देण्याची अट करारात घाला.

छप्पर उतरतं हवं. सपाट स्लॅब असेल तर त्यावर वेगळा पत्रा घातलेला हवा आणि वळचण भिंतीबाहेर किमान अडीच-तीन फूट आलेली हवी. पत्र्याच्या बोल्टखालची रबरी वॉशर ऊन खाऊन तडकते आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वॉशर बदलाव्या लागतात. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती दिसायला सुंदर असतात, पण जांभा सच्छिद्र असतो. बाहेरून चुन्याचा गिलावा नसेल किंवा पावसाळ्यापुरता आडोसा केलेला नसेल तर तो पाणी पितो. महाबळेश्वरला मे संपता संपता घरांच्या आणि दुकानांच्या पावसाकडच्या भिंती गवताने किंवा जाड प्लास्टिकने झाकतात, ते यासाठीच. घर तसं झाकायचं असेल तर खर्च कुणाचा, हे आधी ठरवा.

घर कोरडं ठेवणं

खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत असली की बुरशी धरत नाही. सत्तरच्या वर सलग काही दिवस राहिली की चामड्याच्या चपला, बेल्ट, पुस्तकांचे कणे, लाकडाच्या मागच्या बाजू हिरव्या-पांढऱ्या होतात. जुलैत बाहेरची हवाच 95-100 टक्क्यांवर असते, म्हणून "खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या" हा मुंबईतला सल्ला इथे उलटा पडतो. पाऊस-धुकं असताना खिडक्या बंद आणि डिह्युमिडिफायर चालू, हेच बरोबर.

सगळं घर कोरडं करायच्या फंदात पडू नका. एक खोली निवडा, शक्यतो झोपायची, आणि कपडे, कागदपत्रं, कॅमेरा, वाद्यं, महत्त्वाची पुस्तकं तिथेच ठेवा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला 12 ते 20 लिटर क्षमतेचं यंत्र लागतं. इथे एक फसगत होते: खोक्यावर लिहिलेले लिटर बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. जुलैत इथे तापमान विशीच्या आसपास, त्यामुळे पाणी निम्म्यावर येतं. म्हणून मुंबईत पुरेल त्याच्या एक आकार मोठंच घ्या. 250 वॉटचं यंत्र आठ तास चाललं तर रोज 2 युनिट जातात.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा आणि पायांखाली विटा द्या. लेन्स आणि हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. जेलचा रंग बदलला की मंद ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं. कापराने वास दबतो, ओल जात नाही. लोकरी कपडे पावसाळ्यापूर्वी एक दिवस कडक उन्हात टाकून मगच बांधा.

जुन्या घरांत कपडे वाळवायला कोळशाची शेगडी पेटवतात. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणं जीवघेणं आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. गॅसच्या गीझरचंही तेच. तो बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर बसवा. थंडीत बाथरूमच्या फटी कापडाने बुजवायची सवय लागते, ती मुलांनाही लागू देऊ नका.

वीज आणि इंटरनेट

मुंबईत वीज जाणं ही बातमी असते, इथे ती पावसाची जोडीदार आहे. झाडाची फांदी तारेवर पडते, धुक्यात बिघाड सापडत नाही आणि दुरुस्तीला लाइनमनला चालत जावं लागतं. दोन-तीन तास जाणं नेहमीचं, वादळात एक-दोन दिवसही जाते. इन्व्हर्टर घेताना हिशोब असा करा: 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर बॅटरीत 1,800 वॉट-अवर असतात, नुकसान आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची काळजी धरून त्यातले 1,100 च्या आसपास हाती येतात. राउटरचे 10, लॅपटॉपचे 60, नऊ वॉटचे चार दिवे 36, मिळून 106 वॉट. म्हणजे दहा तास निघतात. इथे पंख्याची गरज जवळजवळ नाही, ही जमेची बाजू. फ्रिज जोडलात तर हा हिशोब कोसळतो आणि गीझर-इस्त्री तर जोडूच नका. ट्युब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मेच्या शेवटी पाहून घ्या.

राउटर आणि फायबरचा छोटा डबा, दोघांना वेगळा मिनी यूपीएस द्या, म्हणजे इन्व्हर्टर बदलताना येणाऱ्या क्षणभराच्या खंडात कॉल तुटत नाही. एक फायबर आणि एक वेगळ्या कंपनीचं सिम, असे दोन मार्ग हवेत. दोन्ही एकाच कंपनीचे असले तर घाटात केबल तुटल्यावर दोन्ही एकदम जाऊ शकतात. सिग्नल आळीगणिक बदलतो. पुढच्या दारी चार कांड्या आणि मागच्या खोलीत शून्य, हे सर्रास दिसतं, म्हणून टेबल जिथे ठेवणार तिथेच उभं राहून तपासा. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, विजा फार कडाडतात. तेव्हा केबल आणि प्लग काढून ठेवणं हा एकच खात्रीचा उपाय. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, खडकाळ जमिनीत ते बहुधा कच्चं असतं.

पाणी

साडेपाच हजार मिलीमीटर पावसाच्या मुलखात टँकर का लागतो, हा प्रश्न प्रत्येक मुंबईकर विचारतो. वरचा जांभा पाणी झरझर खाली सोडतो, ते झरे होऊन उतारावरून निघून जातं आणि माथ्यावर साठवायला तलाव थोडे. महाबळेश्वर-पाचगणीची मोठी भिस्त वेण्णा तलावावर आणि उन्हाळ्यात पर्यटकांमुळे मागणी सगळ्यात जास्त तेव्हाच साठा सगळ्यात कमी.

माणशी दिवसाला 135 लिटर हे शहरी मोजमाप धरलं तर चौघांना 540 लिटर लागतात. दोन हजारांची टाकी म्हणजे पावणेचार दिवस. भाड्याच्या घरात इतकी टाकी आहे ना, एवढं तरी बघा. स्वतःचं घर असेल तर छपराचं पाणी धरा. पाचगणीत 100 चौरस मीटर छपरावर वर्षाला 1,800 मिलीमीटर पडला आणि त्यातलं 80 टक्के हाती आलं, तर 1 लाख 44 हजार लिटर होतात. सगळं साठवायची गरज नाही. एप्रिल-मेच्या साठ दिवसांत रोज 200 लिटरची तूट भरायची तर 12,000 लिटर पुरे, म्हणजे तीन मीटर लांब, अडीच रुंद आणि 1.6 खोल टाकी. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडा, त्यात पानं, शेवाळ आणि माकडांची घाण असते. टाकीत उजेड जाऊ देऊ नका आणि हवेच्या नळीला जाळी लावा.

भाडेकरार आणि खरेदी

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, पैसे तयार असले तरी. एक अडचण येईल: मालकाला सीझनमध्ये पर्यटकांकडून एका आठवड्यात महिन्याचं भाडं सुटतं, म्हणून पुष्कळ जण एप्रिल-मे वगळून घर द्यायला बघतात. तसा करार घेऊ नका. मे तुम्हाला बघायचाच आहे.

लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि अनामत रकमेवरच्या वार्षिक दहा टक्के व्याजाच्या बेरजेवर 0.25 टक्का. उदाहरणार्थ, भाडं 20,000, अनामत 1 लाख, मुदत अकरा महिने: 2,20,000 अधिक साधारण 9,170, म्हणजे शुल्क सहाशेच्या आत. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. इतक्याशा रकमेसाठी शंभराच्या स्टँपवर नोटरी करून थांबू नका.

विकत घेताना पाऊल जपून टाका, कारण या गावांत जमिनीचे कागद मुंबईच्या फ्लॅटसारखे सरळ नसतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी 2001 पासून आणि माथेरान फेब्रुवारी 2003 पासून केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं आहे. बांधकाम, वृक्षतोड, भूजल उपसा, सगळ्यावर बंधनं आहेत. "नंतर वर एक मजला चढवू" हे गृहीत धरून किंमत देऊ नका. शेतजमीन तर बिगरशेतकऱ्याला थेट घेताच येत नाही. "एजंट शेतकरी दाखला करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. खोटा दाखला उघड झाला की जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाते.

सातबारा घेतलात की आधी भोगवटादाराचा वर्ग बघा. वर्ग 2 असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. मग "इतर हक्क" या रकान्यात वन, खाजगी वन, कूळ, बोजा असं काही लिहिलंय का ते वाचा. हा रकाना न वाचता केलेले व्यवहार सगळ्यात जास्त अडकतात. गावठाणातल्या जुन्या बंगल्यांपैकी बरेच सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. पट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झालंय का हे प्रॉपर्टी कार्डावर पाहा. यांशिवाय फेरफार, झोन दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, इतकं हाती आल्याशिवाय इसार देऊ नका. मंजूर नकाशा हातात धरून घरात फिरा. नकाशात व्हरांडा आणि प्रत्यक्षात खोली, अशी वाढीव बांधकामंच पुढे नोटिशीला कारण होतात.

दवाखाना, शाळा, स्वयंपाकघर

क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभारायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाचगणीच निवडली गेली, ती कोरड्या गार हवेमुळे. ही हवा ऑक्टोबर ते मे असते. पावसाळ्यातल्या ओलीने आणि बुरशीने दमा आणि सांधेदुखी वाढू शकते, तेव्हा अशा रुग्णाच्या डॉक्टरांशी जायच्या आधी बोला. रोजच्या आजारांना गावात डॉक्टर आहेत. हृदयविकार, पक्षाघात, अवघड बाळंतपण यांसाठी सातारा किंवा पुणे गाठावं लागतं, आणि धुक्यात घाट उतरायलाच वेळ जातो. छातीत दुखायला लागलं की "थोडं थांबून बघू" हे इथे परवडत नाही. जवळच्या कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा काढायची सोय) असलेल्या रुग्णालयापर्यंत गाडीने एकदा स्वतः जाऊन वेळ मोजा. तो रात्रीचा दीड तासाच्या पलीकडे जात असेल आणि घरात हृदयरुग्ण असेल, तर घर घाटाखाली घ्या. आरोग्यविम्याच्या कॅशलेस यादीत सातारा-वाईची कोणती रुग्णालयं आहेत तेही तपासा. औषधं जून ते सप्टेंबर महिनाभराची घरात असावीत.

शाळांच्या बाबतीत पाचगणी भाग्यवान आहे, पण इथल्या नामांकित शाळा मुख्यतः निवासी आहेत. रोज घरी येणाऱ्या मुलांसाठी जागा किती, हे आधी विचारा. मुलांना वाचनाची गोडी असेल तर वाटेवरचं भिलार, 2017 पासूनचं पुस्तकांचं गाव, पावसाळी दुपारींना फार मोठा आधार आहे.

स्वयंपाकात लहानसे पण रोजचे फरक पडतात. दर 300 मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. पाचगणीला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ-बटाटा शिजायला वेळ लागतो. कुकरमध्ये दोन-तीन मिनिटं किंवा एक शिट्टी वाढवली की झालं. थंडीत दही एका रात्रीत लागत नाही. दूध कोमट नको, चांगलं ऊन हवं, विरजण दुप्पट आणि भांडं गव्हाच्या डब्यात किंवा शालीत गुंडाळून ठेवा. इडलीचं पीठ आदल्या दुपारीच भिजवून-वाटून घ्या. पावसाळ्यात मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, मसाल्याला जाळी धरते. पीठ आठवड्यापुरतंच दळा, मसाले छोट्या हवाबंद बाटल्यांत. खिडक्यांना बारीक जाळी लावल्याशिवाय फळं ओट्यावर ठेवू नका, माकडं डबा उघडायलाही शिकलेली आहेत.

बिऱ्हाड हलवताना

सामान ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, मंगळवार ते गुरुवारीच न्या. घाटातली वळणं आणि गल्लीची रुंदी ट्रकवाल्याला फोटो पाठवून दाखवा, नाहीतर मोठा कंटेनर फाट्यावर थांबतो आणि पुढचं भाडं वेगळं पडतं. प्लायवूडचं जुनं फर्निचर, जाड गाद्या आणि चामड्याचा सोफा मुंबईतच विकून टाका.

घरी पाइपचा गॅस असेल तर तो बंद करून अनामत परत घ्या आणि सिलिंडरची जोडणी करा. आधीची असेल तर ट्रान्सफर व्हाउचरवर बदलून मिळते. दोन सिलिंडर ठेवाच. गाडीचा नंबर राज्यातल्या राज्यात बदलत नाही, पण पत्ता बदलल्याची नोंद आरटीओकडे तीस दिवसांत करावी लागते. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक 8. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट घेत असाल तर मुंबईतली मूळ पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा इथे 40 वर येते, पगाराचा हिशोब त्याप्रमाणे मांडा.

घाटात उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की जळका वास येतो आणि मग ब्रेक लागेनासे होतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात लो बीम, हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. कड्याखाली गाडी थांबवू नका. पोलादपूरकडून येणारा आंबेनळी घाट जवळचा वाटतो, पण पावसाळ्यात तिथे दरडी फार. त्या चार महिन्यांत वाईमार्गेच या.

25 मेच्या आत पन्हळी साफ, पत्र्याचे बोल्ट आवळलेले, घरावर वाकलेल्या फांद्यांसाठी नगरपरिषदेची परवानगी घेऊन छाटणी, पंधरा दिवसांचा किराणा, आणि थोडी रोख रक्कम. नेट गेलं की यूपीआय बंद आणि दुकानदार किती दिवस लिहून ठेवणार?

मुंबईचं घर पहिल्या वर्षी विकू नका. ते भाड्याने देताना आणि इथलं घेताना दोन्ही करार 1 नोव्हेंबरपासून अकरा महिन्यांचे करा. ते 30 सप्टेंबरला संपतात, म्हणजे एक हिवाळा, एक मे आणि एक पूर्ण पावसाळा काढून झालेला असतो. पुढे राहायचं की परतायचं, ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. मुंबईच्या भाडेकरूला महिनाभराची सूचना द्यायला तेवढा वेळ पुरतो.